वऱ्हाडचा कापूस आणि साम्राज्याचा हिशेब

आपल्या वस्तीत चार माणसे इतिहासावर बोलायला बसली की एक वाद हमखास निघतो. एक म्हणतो, "इंग्रज आले म्हणून आपण माणसांत आलो. नाहीतर आपल्या हातात पाटी-पेन्सिल कोणी दिली असती?" दुसरा म्हणतो, "अरे, त्यांनी देश धुऊन नेला, अन् तू त्यांचे गुण गातोस?" वाद रात्री उशिरापर्यंत चालतो आणि निकाल न लागताच सगळे उठतात.

आपली मुले शाळेत युरोपियन साम्राज्यवादाची कारणे आणि परिणाम शिकतात. पाच कारणे, सहा परिणाम पाठ करून पेपरात लिहितात. पण त्या धड्यात आपला बुलडाणा जिल्हा कुठेच नसतो, त्यामुळे मुलांना वाटते की साम्राज्यवाद म्हणजे दूर कुठे आफ्रिकेत वगैरे घडलेली गोष्ट. खरे म्हणजे ती गोष्ट आपल्या खामगावच्या कापूस बाजारात, मलकापूर-नांदुऱ्याच्या रुळांवर आणि आपल्या पणजोबांच्या उपाशी पोटात घडलेली आहे. ती नीट समजून घेतली तर वरच्या वादाचेही उत्तर सापडते. म्हणून हा लेखप्रपंच.

साहेबाला कापूस कशाला हवा होता?

इंग्लंडमध्ये कापसाचे बोंडही पिकत नाही. एके काळी हिंदुस्थानचे कापड तिकडे इतके खपायचे की ते अडवण्यासाठी इंग्लंडच्या पार्लमेंटला 1700 आणि 1721 साली कायदे करावे लागले. पुढे वाफेची यंत्रे आली, मँचेस्टर आणि लँकेशायर भागात मोठाल्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि पारडे फिरले. गिरणीला दोन गोष्टी लागतात. एका दाराने स्वस्त कापूस आत आला पाहिजे आणि दुसऱ्या दाराने कापड बाहेर जाऊन विकले गेले पाहिजे. कापूस पिकवणारा आणि कापड विकत घेणारा, दोघेही मुठीत असले म्हणजे मग काळजी नाही.

साम्राज्यवादाचे मूळ कारण हे असे साधे आहे. त्याला बाकीची कारणे येऊन मिळाली. भांडवलदारांकडे साठलेला पैसा कुठेतरी गुंतवायचा होता. फ्रान्स, जर्मनी, रशिया यांच्याशी चढाओढ होती. आगबोट, तारायंत्र आणि नव्या बंदुका हाताशी होत्या. शिवाय 'आम्ही मागासलेल्यांना सुधारायला आलो आहोत' असे सांगायची सोय होती. पण गिरणीच्या मालकाला विचाराल तर तो कापसाचीच गोष्ट आधी सांगेल.

आणि आपल्या पूर्णा खोऱ्याच्या काळ्या जमिनीत कापूस पिकत होता.

कर्ज, फौज आणि वऱ्हाड

इंग्रज वऱ्हाडात एका दिवसात आले नाहीत. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या असईची लढाई 23 सप्टेंबर 1803 ला झाली, आणि अकोला जिल्ह्यातल्या अडगावची 29 नोव्हेंबरला. शिंदे आणि नागपूरकर भोसले हरले. देवगावच्या तहाने भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाडातला हक्क गेला आणि मुलूख निजामाच्या पदरात पडला. निजाम इंग्रजांचा मित्र होता. पण ही मैत्री कशी होती ते पाहा.

निजामाच्या नावाने एक फौज उभी केली गेली. तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणत. हिंगोली, एलिचपूर अशा ठिकाणी तिच्या छावण्या असत. अंमलदार इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, पण पगार मात्र निजामाच्या तिजोरीतून. पगार थकला की इंग्रज सरकार तो कर्ज म्हणून द्यायचे आणि वर व्याज लावायचे. कर्ज फुगत गेले. शेवटी गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात, मे 1853 मध्ये निजामाला तहावर सही करावी लागली आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. नाव निजामाचे, कारभार साहेबाचा. सरकारी कागदावर वऱ्हाडला 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स', म्हणजे हैदराबादने नेमून दिलेले जिल्हे, असे नाव पडले.

1860 साली नवा तह होऊन 50 लाखांचे कर्ज माफ झाले. त्या तहाने धाराशिव आणि रायचूर दुआब निजामाला परत मिळाले. वऱ्हाड मात्र परत मिळाले नाही. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी ते परत मागून पाहिले, त्यांची दाद लागली नाही. 1902 साली लॉर्ड कर्झनने वर्षाला 25 लाख रुपये देऊन वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले आणि 1903 मध्ये ते मध्य प्रांताला जोडले.

सावकाराची रीत आपल्याला ठाऊक आहे. आधी उसनवार द्यायची, मग व्याज चढवायचे, मग म्हणायचे, पैसे नाहीत तर वावर लिहून दे. गावात सावकार जे एका कुणब्याशी करतो तेच इथे एका अख्ख्या मुलखाशी झाले. कर्ज हे निमित्त होते. वावर कोणते घ्यायचे ते आधीच ठरलेले होते, कारण उत्तम कापसाचा मुलूख तो हाच.

आगगाडी आली ती कोणासाठी?

मुंबई-ठाणे आगगाडी 16 एप्रिल 1853 ला सुटली, वऱ्हाडच्या तहाच्या जेमतेम महिनाभर आधी. पुढे भुसावळवरून नागपूरकडे लोहमार्ग निघाला आणि 1867 साली तो नागपूरला पोचला. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही आपली स्टेशने त्याच मार्गावरची. खामगाव मात्र थोडे बाजूला राहिले होते. पण तिथे कापसाचा मोठा बाजार भरत असे. म्हणून जलंबहून खामगावपर्यंत सुमारे 13 किलोमीटरचा वेगळा फाटा टाकला. 1870 साली त्याच्या उद्घाटनाला स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. देशाचा सर्वांत मोठा साहेब एवढ्याशा फाट्यासाठी खामगावपर्यंत येतो, यावरूनच त्या कापसाची किंमत कळते.

त्या आधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून जाई. थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत बैलांचे तांडे चालत. बंजारा समाजाचे पोट त्यावर होते. आगगाडी आली आणि त्या तांड्यांचा धंदा बसला. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. आता खामगावची गठाण मुंबईला बोटीत चढली की आफ्रिकेला वळसा न घालता विलायतेला जाऊ लागली.

आगगाडीचा खर्च कोणी केला? विलायतेतल्या कंपन्यांनी पैसा घातला हे खरे. पण त्यांना सरकारने 5 टक्के परताव्याची हमी दिलेली होती. गाडी नफ्यात चालो वा तोट्यात, त्यांचे 5 टक्के पक्के. तूट पडली तर ती हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे शेतसारा आणि मिठावरचा कर भरणाऱ्यांच्या खिशातून भरायची. फायदा तिकडे, जोखीम इकडे.

लढाई अमेरिकेत, तेजी वऱ्हाडात

मँचेस्टरला लागणारा पाऊण हिस्सा कापूस अमेरिकेतून येई. तो तिथल्या काळ्या गुलामांच्या घामातून पिकत असे. ही माणसे आफ्रिकेतून साखळदंडांनी बांधून आणलेल्यांची लेकरे. 1861 साली गुलामगिरीच्या प्रश्नावर अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडची बंदरे अडवली गेली, कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या थांबल्या आणि तिथल्या मजुरांची उपासमार झाली. मग साहेबाचे डोळे आपल्याकडे वळले.

कापसाचे भाव दुपटी-तिपटीने चढले. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी आली, गायरानेही नांगराखाली गेली. त्याच सुमारास, 1861 पासून वऱ्हाडात जमिनीची मोजणी सुरू होऊन रयतवारी पद्धत बसवली गेली. जमीन खातेदाराच्या नावावर लागली, म्हणजे ती विकता येऊ लागली आणि गहाणही टाकता येऊ लागली. सावकाराला हेच हवे होते. तेजी पाहून लोकांनी कर्ज काढले, लग्नकार्ये मोठी केली, बैलजोड्या घेतल्या. 1865 मध्ये अमेरिकेतली लढाई संपली, अमेरिकेचा कापूस परत बाजारात आला आणि भाव कोसळला. मुंबईत पेढ्या बुडाल्या, वऱ्हाडात कुणबी बुडाला. सारा रोखीने भरायचाच होता. मग खत लिहून द्यायचे, आणि खताची मुदत टळली की नव्या दिवाणी कोर्टाचा बेलिफ दारात हजर.

सरकारने मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी कापूस कमिशनर म्हणून रिव्हेट-कार्नॅक नावाचा साहेब नेमला. कापूस चांगला यावा, भेसळ होऊ नये, लवकर बंदरात पोचावा, हे त्याचे काम. ज्वारीसाठी असा कोणी कमिशनर नेमला होता काय?

पीक होते, भाकर नव्हती

याचे फळ शतकाच्या शेवटी मिळाले. 1896-97 मध्ये दुष्काळ पडला. त्यातून सावरतो न सावरतो तोच 1899-1900 चा महादुष्काळ आला. गुजरात-राजस्थानात त्याला छप्पनिया म्हणतात. पाऊस गेला हे खरे. पण दुष्काळ आधीही पडत. पूर्वी गावाच्या पेवात दोन वर्षांची ज्वारी असायची. आता पेवाच्या जागी हातात रोकड होती, आणि तीही सावकाराची. धान्य महागले तसे ज्याच्याजवळ पैसा नाही त्याला बाजारात धान्य दिसत असूनही खाता येईना. आगगाडीने दुष्काळात धान्य आणता येते असे सरकार सांगायचे. पण तीच गाडी भाव जास्त असेल तिकडे धान्य नेतेही. त्या वर्षीसुद्धा वऱ्हाडातून कापूस आणि धान्य बाहेर जातच होते.

1891 च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे 29 लाख होती. 1901 साली ती साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत वाढायची ती लोकसंख्या घटली. हे आकडे नाहीत, माणसे आहेत. आणि त्यात आधी कोण गेले असतील? ज्यांच्या नावावर वावर नव्हते, ज्यांना गहाण टाकायलाही काही नव्हते, ते. सरकारने दुष्काळी कामे काढली, सडकेसाठी खडी फोडायला लावली. बरेच जण त्यामुळे जगले. पण अंगात त्राण नसलेल्या माणसाने आधी दगड फोडायचे आणि मग भाकर मिळवायची, अशी ती दया होती.

हीच रीत सगळीकडे

आपल्यावर आले ते एकट्या आपल्यावर आले नाही. निजामाचे वऱ्हाड कर्जापायी गेले, तसाच मिसर देशही गेला. अमेरिकेच्या लढाईत मिसरच्या कापसालाही सोन्याचा भाव आला. तिथल्या इस्माईल खेदिवाने रेल्वे, कालवे, वाडे यांसाठी युरोपच्या पेढ्यांकडून भरमसाट कर्ज काढले. तेजी गेली, कर्ज राहिले. 1875 मध्ये त्याला सुएझ कालव्याचे शेअर इंग्रजांना विकावे लागले, 1876 मध्ये दिवाळे निघाले आणि 1882 मध्ये इंग्रज फौज मिसरमध्ये उतरली. वऱ्हाडच्या गोष्टीत नावे बदलली की मिसरची गोष्ट तयार.

1884-85 मध्ये बर्लिनला परिषद भरली. युरोप-अमेरिकेच्या आणि तुर्कस्तानच्या मिळून 14 सरकारांचे प्रतिनिधी टेबलाभोवती बसले आणि आफ्रिकेचा मुलूख कोणी कसा बळकवायचा याचे नियम त्यांनी ठरवले. त्या बैठकीत एकही आफ्रिकन माणूस नव्हता. वस्तीचा निवाडा व्हावा आणि वस्तीतल्या कोणाला आतच घेऊ नये, हा अनुभव आपल्याला नवा नाही. 1914 पर्यंत इथिओपिया आणि लायबेरिया सोडले तर जवळजवळ सगळा आफ्रिका खंड युरोपच्या ताब्यात गेला. काँगोत बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाने रबरासाठी माणसांचे हात तोडण्यापर्यंत मजल नेली. आज ज्याला टांझानिया म्हणतात तिथे जर्मनांनी गावागावात सक्तीने कापूस लावायला लावला. लोक 1905 साली उठले. त्या उठावाला माजी-माजी म्हणतात. जर्मनांनी तो मोडताना उभी पिके जाळली आणि लाखाच्या घरात माणसे मेली, त्यांतली बहुतेक उपासाने.

पूर्वेकडे चीनला अफू घ्यायला लावण्यासाठी 1839 ते 1842 पर्यंत युद्ध केले. ती अफू हिंदुस्थानातच पिकवलेली होती. एका गुलाम देशाच्या मालाने दुसऱ्याला गुलाम करायचे, असा हा धंदा. रेघा ओढून पाडलेल्या सरहद्दी, एकाच पिकावर उभी केलेली शेती आणि एका जमातीला दुसरीविरुद्ध लावलेली भांडणे, हे सारे आशिया-आफ्रिकेच्या पदरात राहिले. स्वातंत्र्य मिळाले तरी ते ओझे लगेच उतरले नाही.

आपल्या समाजाचे काय झाले?

आता मूळ वादाकडे येऊ. नागपूर-वऱ्हाडकडे महार समाजातली बरीच घरे जाडेभरडे कापड विणत असत. गावकीच्या कामांशिवाय तेवढाच एक स्वतःचा हुन्नर होता. विलायती कापड आले, मागून इकडच्या गिरण्यांचे आले आणि घरातले माग बंद पडले. नागपूरला 1 जानेवारी 1877 रोजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले तोच हा दिवस, म्हणून ते नाव. माग गेलेली माणसे मिलमध्ये, जिनिंग-प्रेसमध्ये, रेल्वेच्या कामावर गेली. हुन्नर गेला, मजुरी आली. पण त्या मजुरीत एक गोष्ट होती. पगार रोख मिळे आणि तो पाटलाच्या मेहरबानीवर नसे. गावाबाहेर पाय टाकलेल्या अशाच माणसांतून विदर्भातले आपले पहिले कार्यकर्ते निघाले. किसन फागुजी बनसोडे यांनी 1907 मध्ये नागपूरला मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली, ती अशाच वातावरणात.

मग इंग्रजांनी आपला उद्धार केला असे म्हणायचे का? 1856 मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. सवर्ण नाराज होतील म्हणून सरकारने त्याची बाजू घेतली नाही. मुंबई इलाख्यात 1874 चा वतनाचा कायदा करून महाराला गावकीच्या दावणीला तसेच बांधून ठेवले. त्यात दुरुस्ती व्हावी म्हणून 1928 साली बाबासाहेबांना कौन्सिलात बिल मांडावे लागले. पलटणीत आपली माणसे होती. लढाईला लागत होती तोवर घेतली, आणि 1890 च्या सुमारास 'लढाऊ जात नाही' म्हणून भरती बंद केली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. सरकार हलले नाही. साहेबाला राज्य चालवायचे होते, जात मोडायची नव्हती. जात मोडली असती तर वरचे लोक बिथरले असते, आणि ते साहेबाला परवडणारे नव्हते.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. इंग्रज गेले असते तर सगळे ठीक झाले असते, असेही नाही. संत चोखामेळा आपल्याच जिल्ह्यातल्या मेहुणाराजाचे, असे परंपरा सांगते. त्यांना देवळाबाहेर ठेवले तेव्हा इथे इंग्रज कुठे होता? अस्पृश्यता साहेबाने आणली नाही. त्याने ती तशीच वापरली. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा गोरा अंमलदार आणि त्याच्या कचेरीतला भट कारकून या दोघांनाही त्यांनी एकदमच जाब विचारला.

बाबासाहेबांनी वही तपासली

आपण बाबासाहेबांना राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. पण तरुणपणी त्यांनी कशाचा अभ्यास केला होता? 1915 मध्ये कोलंबिया विद्यापीठात त्यांनी एम. ए. साठी प्रबंध लिहिला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि तिच्या जमाखर्चावर. 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ निघाला, 1925 मध्ये प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा. म्हणजे साम्राज्याची हिशेबवहीच त्यांनी उघडून तपासली. शेतसारा किती जड होता, मिठावर कर कसा होता, पैसा लढायांवर किती आणि लोकांसाठी किती खर्च झाला, हे त्यांनी सरकारच्याच कागदांवरून दाखवले. समाजसुधारणेला हात घालायची या सरकारची छाती नाही, हेही सांगितले.

ऑगस्ट 1930 मध्ये नागपूरच्या अस्पृश्य परिषदेत त्यांनी स्वराज्याची बाजू घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडनच्या गोलमेज परिषदेत, साहेबाच्याच घरात उभे राहून, त्यांनी विचारले: तुम्ही यायच्या आधी आम्हाला विहिरीवर पाणी नव्हते, आज आहे का? देवळात जाता येत नव्हते, आज येते का? पोलिसांत घेत नव्हते, आज घेता का? म्हणून राज्य बदलले पाहिजे. पण नवे राज्य लोकांचे असले पाहिजे आणि त्यात आमचा वाटा लिहून मिळाला पाहिजे.

बंधू-भगिनींनो, वादाचे उत्तर इथे आहे. आगगाडी कापसासाठी आली. तिच्यात बसून आपली माणसे बाहेर पडली. पलटणीतली शाळा फौजेच्या सोयीसाठी होती. तिथेच रामजी सुभेदार शिकले-शिकवले आणि त्यांच्या घरात भीमराव वाढला. दार साहेबाने आपल्यासाठी उघडले नव्हते. उघडे दिसले तेव्हा आत पाऊल आपल्या माणसांनी टाकले. श्रेय त्या पावलांचे आहे. आणि त्याच दारातून आपले धान्य बाहेर गेले, हेही विसरायचे नाही.

आजही कापूस वेचायला जाणाऱ्या आपल्या आयाबहिणींची मजुरी आणि कास्तकाराचा भाव दूरच्या बाजारावर हलतो. कर्जापायी वऱ्हाडात शेतकरी जीव देतात. साम्राज्य गेले तरी काही खाती अजून बंद झालेली नाहीत. म्हणून आपल्या मुलांना एवढे सांगावे: कोणी काही दिले की त्याचे आभार मानण्याआधी, आणि कोणी काही नेले की शिव्या देण्याआधी, वही मागा. आत काय आले, बाहेर काय गेले आणि कोणाच्या नावावर, हे स्वतः वाचा. बाबासाहेबांनी तेच केले.